तिसऱ्या रांगेतली न हलणारी मान

कार्यक्रम सुरू झाला की कुसाबा योशितो मान हलवत नाहीत. मोजी बंदरावरच्या ‘हातोबा’ या चाळीस खुर्च्यांच्या जाझ क्लबात तिसऱ्या रांगेतली डावीकडून दुसरी खुर्ची त्यांची. अकरा वर्षं ते तिथे दर रविवारी दुपारी बसतात आणि वाद्यमेळ ध्वनिमुद्रित करतात. माइक चष्म्याच्या दोन्ही दांड्यांवर, कानांच्या किंचित पुढे. वायर मानेमागून कोटात, रेकॉर्डर आतल्या खिशात. अशा वेळी माणसाचं डोकं हाच स्टँड असतो. मान वळली की मुद्रणात पियानो खोलीभर सरकतो. त्यामुळे मागे कुणी ग्लास फोडला तरी कुसाबा वळत नाहीत. शेजारच्याने काही विचारलं तर समोर बघत बोट हलवतात. सकाळी तांदळाची पेज आणि तोफू, कारण पोट गुरगुरलं तर तेही माइकमध्ये येतं. अंगात लोकरीचा कोट, कारण नायलॉन कुरकुरतो.

वय एकसष्ट. नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्याची. चौतीस वर्षं त्यांनी रस्त्यावर लोखंडी कांडी टेकवून, दुसरं टोक कानाला लावून जमिनीखालच्या नळांची गळती शोधली. क्लबात त्यामुळे त्यांच्या कानाला वजन होतं. कुठला माइक चांगला यावर वाद झाला की शेवटचा शब्द कुसाबांचा.

गेल्या मे महिन्यात कामावर कानांची वार्षिक तपासणी झाली. आलेखाची रेघ सहा हजार हर्ट्झपर्यंत बरी चालली आणि तिथून खाली कोसळली. त्यावरचे बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नव्हते. गळतीचा आवाज त्याच्या बराच खाली असतो, हे त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि त्यांना नकाशांच्या खोलीत बसवलं. क्लबात त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही.

ऑक्टोबरात हाराओका मित्सुएबाईंनी ध्वनिमुद्रणाला होकार दिला, तेव्हा हे न सांगणं अवघड होऊन बसलं.

मित्सुएबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. हातोबात तीस वर्षं संध्याकाळी पियानो वाजवतात आणि तीस वर्षं मुद्रणाला नाही म्हणत आल्या. तरुणपणी एकदा स्टुडिओत लाल दिवा लागला आणि त्यांची बोटं जी आखडली, ती दिवा विझेपर्यंत सुटली नाहीत. पण आता उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि नंतर वाजवता येईल असं डॉक्टर छातीठोक सांगत नव्हते. शस्त्रक्रिया गुरुवारी. त्याआधीचा रविवार हा एकच.

“एकच माणूस, एकच यंत्र,” त्यांनी मास्टरला बजावलं. क्लबच्या मालकाला सगळे मास्टरच म्हणतात. “दोन झाले की स्टुडिओ झाला. आणि माइक कुठे आहे ते मला दिसायला नको. दिसला की मी उठून जेवायला जाईन.”

दुसरी संधी नव्हती. माइकची एक जोडी निवडायची होती.

आधीच्या रविवारी कॉलेजच्या मुलांचा कार्यक्रम होता. त्या दिवशी कुसाबांनी टोपीला आणि चष्म्याला मिळून तीन जोड्या लावल्या, तीन खिशांत तीन रेकॉर्डर ठेवले. एक जोडी बाजारात मिळणारी, वाटाण्याएवढी. एक इतोयामा शिओरीची, महागडी, तिने दोन महिन्यांचा पगार घालून जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेली. शिओरी दातांच्या दवाखान्यात काम करते, वय एकोणतीस, तीही दर रविवारी मुद्रण करते आणि सगळं कुसाबांकडूनच शिकली. तिसरी जोडी कुसाबांनी स्वतः बनवलेली. सगळा हिवाळा त्यांनी भिंगाखाली केसासारख्या वायरी डाखल्या होत्या. प्रत्येक माइकची स्वतःची एक सळसळ असते. हळू वाजवणाऱ्या पियानोखाली ती तांदळातल्या खड्यासारखी लागते. घरी मीटरवर मोजलं तर कुसाबांच्या जोडीची सळसळ तिघींत कमी भरली. आपल्या कानांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून त्यांनी काट्यावर भिस्त ठेवली.

कार्यक्रमानंतर तिघे काउंटरशी बसले. कुठली जोडी कुठली हे न सांगता मास्टरने तिन्ही मुद्रणं लावली.

“देवदार, बांबू, प्लम अशी नावं देऊ का? माशाच्या हॉटेलात भारी, मध्यम, साध्या थाळ्यांना देतात तशी?” मास्टरने विचारलं.

“नको. मग सगळे देवदारालाच मत देतील,” कुसाबा म्हणाले. “एक, दोन, तीन पुरे.”

दोन नंबर लागला तेव्हा हेडफोन शिओरीच्या कानावर होते. ती ऐकता ऐकता थांबली. श्वास थांबला. कुसाबांनी ते टिपलं. गळतीच्या कामात नव्या माणसाला काही ऐकू आलं की तो आधी श्वास रोखतो, ‘सापडलं’ हे नंतर म्हणतो. पोरीला शांतता आवडली, असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतः ऐकलं. खरंच शांत होतं.

मतं ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवर लिहून घडी घालून टाकली. कुसाबा: दोन. शिओरी: दोन. मास्टरने लिहिलं होतं, ‘मला तिन्ही सारखेच. तीस वर्षं बर्फाच्या यंत्राशेजारी उभा आहे.’

दोन नंबरची जोडी कुसाबांचीच निघाली. चेहऱ्यावर काही येऊ न देता त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या.

ठरल्या रविवारी दोनचा कार्यक्रम. दीडलाच खुर्च्या भरल्या. सामुद्रधुनीकडच्या खिडक्यांवर काळे पडदे ओढले होते. कुसाबा चष्मा लावून आपल्या जागी बसले. पावणेदोनला मास्टरने मंचावरचे दिवे मंद केले. मित्सुएबाईंना प्रखर उजेड चालत नाही. कुसाबांनी रेकॉर्डर सुरू केला आणि रिवाजाप्रमाणे हेडफोन शेजारी उभ्या असलेल्या शिओरीला दिले.

“वायर नीट लागली आहे ना, तेवढं बघ.”

शिओरीने हेडफोन लावले. तिचा श्वास थांबला.

कुसाबा मंचाकडे बघत होते. पियानोचं झाकण अजून बंद होतं. मागे लोक कुजबुजत होते, काउंटरवर बशा वाजत होत्या. वाखाणण्यासारखं त्या खोलीत अजून काहीच घडलं नव्हतं.

“काय आहे?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. छान आहे. शांत आहे.”

“शिओरी, पियानोला अजून कुणी हात लावलेला नाही. श्वास कशासाठी रोखलास?”

“सवय आहे.”

“दवाखान्यात पेशंटलाही असंच सांगतेस?”

“पेशंटला निदान दुखतंय ते कळतं तरी.” बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. “माफ करा, कुसाबासान. चुकून...”

कुसाबांनी चष्मा काढला. पुढच्या रांगेतली म्हातारी वळून बघत होती. त्यांनी आवाज खाली आणला.

“सहा हजारांच्या वरचं मला ऐकू येत नाही. मे महिन्यापासून ते कागदावर आहे. त्याआधी किती वर्षं, कुणास ठाऊक. आता सांग, काय आहे तिथे?”

शिओरीने एक हेडफोन कानावरून सरकवला.

“शीळ आहे. बारीक. डोक्यात सुई घातल्यासारखी. दिवे मंद केले की येते.”

“गेल्या रविवारी होती?”

“होती. मुलांनी दिवे मंद करून घेतले तेवढा वेळ.”

“मग चिठ्ठीवर दोन का लिहिलंस?”

“टोपीवरून बाकीच्या जोड्या तुम्ही ओरबाडून काढल्यात,” ती म्हणाली. “चष्मा मात्र दोन्ही हातांनी ठेवलात. दोन लागल्यावर मान डोलावलीत. मला कळलं तो कुणाचा ते. मी काय लिहिणार होते?”

केसासारख्या वायरीत दिव्यांचं ते बारीक किरकिरणं शिरत होतं. घरी मंद होणारे दिवे नव्हते, म्हणून मीटरला ते सापडलं नाही. आणि इथे, ज्याच्याकडे सगळे बघत होते, त्यालाच ऐकू येत नव्हतं. कुसाबांना हे समजायला फार वेळ लागला नाही. घड्याळात एक अठ्ठेचाळीस झाले होते.

मास्टर वाकून आला. “काय चाललंय? बाई खाली बूट बदलतायत.”

“दिवे पूर्ण लावता येतील का?”

“लाव की. मग पियानो तू वाजव.”

कुसाबा शिओरीकडे वळले. “तुझी जोडी?”

“पिशवीत आहे.”

“आज एकाच यंत्राची परवानगी होती. तरी आणलीस?”

“नेहमी असते.” मग म्हणाली, “आज मुद्दाम आणली.”

मागच्या रविवारनंतर तिने ती आपल्या दुसऱ्या चष्म्याच्या दांड्यांना पक्की चिकटवली होती, आणि तिचा चष्मा कुसाबांच्या डोक्याला बसण्यातला नव्हता. दोघांनाही एकाच वेळी ते लक्षात आलं. कुसाबा उठले.

“बस.”

“तुमच्या जागेवर? मी?”

“बारा मिनिटं आहेत. बस. जाकीट काढ, ते कुरकुरतं. हा कोट घाल. केस मागे बांध. काय खाल्लंस?”

“याकी-करी.”

“वाटोळं. इथली? भातावर चीज घालून भाजलेली?”

“वर अंडंही होतं.”

“पाणी पी. दोन घोट, जास्त नको. खोकला आला तर टाळ्या सुरू होईपर्यंत थांबायचं. गिळायचं ते सुरांच्या मधे नाही, जोरात वाजत असेल तेव्हा. मान...”

“मान हलवायची नाही. माहीत आहे.”

“आग लागली तरी.”

शिओरीने जोडी लावली, दुसऱ्या हाताने एक हेडफोन कानाशी धरला. ऐकलं. या वेळी श्वास चालू राहिला. कुसाबा तिच्या खांद्याकडेच बघत होते.

“शीळ?”

“नाही.”

“नक्की?”

“मला ऐकू येतं, कुसाबासान,” ती हळूच म्हणाली.

ते मागे गेले, शेवटच्या रांगेत खांबाजवळ एक खुर्ची रिकामी होती तिथे.

मित्सुएबाई आल्या. उजवा हात कोटाच्या खिशात. पियानोपाशी उभ्या राहून त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, तिसऱ्या रांगेवर ती थांबली. तिथे कुसाबा नव्हते. मोठ्या माणसाच्या कोटात बसलेली एक मुलगी होती, चेहरा पांढरा. बाईंची नजर तिच्या चष्म्यापर्यंत पोहोचली असती तर संपलंच असतं. मास्टर काउंटरमागे हातात फडकं धरून तसाच उभा राहिला.

बाईंनी मागच्या रांगा शोधल्या.

“कुसाबा! आज मागे कसा?”

सगळी खोली वळली.

“आज नुसता ऐकायला आलोय, बाई,” कुसाबा म्हणाले.

“अकरा वर्षांनी?”

“हो.”

“बरं. मग नीट ऐक,” म्हणून त्या बसल्या आणि हात खिशातून काढला.

पहिली दहा मिनिटं त्या इतकं हळू वाजवत होत्या की साथीचा बासवाला तारेवरून बोट उचलायचा तो आवाज मागेपर्यंत येत होता. कुसाबांना शिओरीच्या मानेचा फक्त मागचा भाग दिसत होता. तो हलत नव्हता. विसाव्या मिनिटाला तो थरथरू लागला. याकी-करी वर येत होती. बाई एका धुनेच्या शेवटाकडे चालल्या होत्या, एकेक सूर सोडत. कुसाबांनी गुडघे घट्ट धरले. शेवटचा सूर. तो विरेपर्यंत सात-आठ सेकंद. मग टाळ्या, आणि टाळ्यांच्या आड शिओरी इतक्या जोरात खोकली की पुढची म्हातारी दचकली. मान मात्र समोरच.

अर्ध्या तासानंतर बाईंचा उजवा हात चुकायला लागला. एक सूर गळाला, मग दोन. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि पुढची सगळी धून डाव्या हाताने वाजवली. बासवाल्याने वर पाहिलं आणि खालचे सूर स्वतःकडे घेतले. खोलीत कुणी चुळबुळ केली नाही. खांबाआडून कुसाबांना पियानो दिसत नव्हता. त्यांनी मान वळवली, मग अंगही, आणि खुर्चीत तिरके होऊन मांडीवरच्या त्या हाताकडे बघत राहिले.

पाचला खोली रिकामी झाली. मित्सुएबाई काउंटरवर बसून उजव्या मनगटावर बर्फ धरून होत्या.

“कुठे होता तो माइक?” त्यांनी विचारलं.

“या पोरीकडे,” कुसाबा म्हणाले. “माझ्या जोडीत शीळ होती. मला ती ऐकू येत नव्हती.”

मास्टरने बर्फाचं यंत्र बंद केलं. मग बाईंनी शिओरीकडे पाहिलं. “वाईट वाजलं असेल तर पुसून टाक.”

“वाईट नाही वाजलं.”

“कुसाबाला ऐकव. मला नको.”

कुसाबांनी हेडफोन लावले. पियानो जागच्या जागी होता, थोडा डावीकडे. शिळेबद्दल त्यांनी विचारलं नाही. ते ऐकत राहिले. चौतिसाव्या मिनिटाला, एकटा डावा हात चालू असताना, मागे कुठेतरी लाकूड करकरलं.

त्यांनी थांबवलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं.

“ही खुर्ची कुणाची?”

“तुमची,” शिओरी म्हणाली. “ऐकू आली?”

“ती आली,” कुसाबा म्हणाले. “पुसता येईल का?”

“नाही. बाईंचा सूर चालू आहे तिच्याखाली.”

“मग राहू दे,” मित्सुएबाई म्हणाल्या आणि बर्फ डाव्या मनगटावर धरला.