नवसाची उखळी आणि आरोंद्याचा नाका

कंडक्टरने माझ्या गोणपाटाला लाथ मारली आणि कळवळून स्वतःचाच पाय धरला. मालवणच्या मोटारस्टँडवर आमच्या प्रवासाची सुरुवात अशी झाली. मला ती शुभ वाटली.

"काय भरलास ह्येच्यात, शेटानू?" तो एका पायावर नाचत म्हणाला.

"देवीचा सामान."

"तुमची देवी काय लोखंड खाता?"

गोणपाटात उखळी होती. (उत्सवात दारू ठासून बार काढायचं हे देवळातलं लोखंडी भांडं. दीड वीत उंच, पण उचलताना कंबरडं मोडतं.) ती टपावर टाकायची की पायाशी ठेवायची, यावर आमची पाव तास हुज्जत झाली. शेवटी ती पायाशी आली आणि कुडाळ येईपर्यंत माझे पाय तिच्यावर होते.

हे लोखंड घेऊन मी कुठे निघालो होतो ते आधी सांगतो. आदल्या पावसाळ्यात आमच्या घरातली विषमज्वराने अंथरुणाला खिळली. डॉक्टरने हात टेकले तेव्हा मी आमच्या कुलदेवतेला सोन्याचा हार बोललो. तिचं देऊळ खाडीपलीकडे, गोव्यात, पेडणे महालात. दुसऱ्या दिवशी ताप जरा उतरला आणि मला वाटलं, चांदीतही भागेल. चौथ्या दिवशी ती उठून बसली, वाटीभर पेज प्यायली, आणि मी लोखंडावर आलो. यावरून मालवणात मला लोक हसतात. हसोत. धक्क्यावर काथ्याची ओझी वाहून वर आलेला माणूस आहे मी. सांगितल्या भावात मी आजवर सुतळीचा तोडासुद्धा घेतलेला नाही. आणि देवीने तरी कुठे तक्रार केली होती?

तक्रार केली ती आमच्या घरातलीने. उखळी देवळात पोचून वाजेपर्यंत ह्या घरात मासे शिजणार नाहीत, असं तिने एका सकाळी जाहीर केलं. घाटावरच्या वाचकांना यातलं दुःख कळायचं नाही. आमच्या माडांतून समुद्र दिसतो. शेजारच्या घरातून रोज बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीचा वास येतो. आणि आमच्या ताटात दुधी भोपळा. पाच महिने दुधी भोपळा! ती स्वतः तापातून उठलेली, काडीसारखी झालेली. डॉक्टर म्हणत होता, हिला मासे द्या. ती म्हणत होती, आधी देवीचं द्या.

आता सरकारबद्दल. माझा त्यांच्यावरचा राग जुना आहे. पाखल्यांना (म्हणजे पोर्तुगिजांना) जेरीस आणायचं म्हणून आपल्या सरकारने गोव्याची नाकेबंदी केली आणि हद्दीवरून माल जाणं बंद झालं. पाखले जेरीस आले की नाही ते मला ठाऊक नाही, मी आलो. माझा निम्मा काथ्या पलीकडे खपत असे. असो. देवदर्शनाला एकट्याने जाण्याचा परवाना मी सहा खेपा घालून मिळवला होता. उखळीचा वेगळा परवाना लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विकायला नेत असतो तर आलं असतं. फुकट द्यायला निघालेल्या माणसाला कोण अडवणार?

उखळीबरोबर देवस्थानाला द्यायला एक दानपत्रही होतं. आमच्या शाळेतल्या मास्तरांनी ते लिहून देण्याचे दहा नारळ मागितले. मी पाचावर आणले, पण पान पूर्ण भरलं पाहिजे अशी अट घातली. मास्तरांना इतिहासाचा नाद. त्यांनी पान भरलं. मी काही ते वाचलं नाही. खालपर्यंत शाई आहे एवढं बघून घडी घातली.

सावंतवाडीला मोटार बदलायची होती. तळ्याजवळच्या एका खाणावळीत शिरलो. आत सुरमई तळत होती. मी डोळे मिटून शाकाहारी ताट मागितलं.

मालकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मालवणचे मां तुमी?"

"होय."

"मगे बरे नाय काय? पेज करून दिव?"

मी त्याला काहीतरी तिखट बोललो. त्याने मला काळ्या वाटाण्याची उसळ वाढली आणि सोलकढी दोनदा वाढली, ती निव्वळ दयेपोटी.

वाडीहून आरोंद्याचा रस्ता तांबडा आणि खड्ड्यांचा. पौष लागला होता. भाताची खळी उरकलेली, काजूला मोहोर, आणि मोटारीतल्या प्रत्येकाच्या भुवयांवर एकसारखी तांबडी धूळ. आरोंद्याला उतरलो तेव्हा सगळेच एका आईची लेकरं दिसत होतो. खाडी भरतीला होती. पाणी हिरवं, काठावर माड, पलीकडे तसेच माड. माडांकडे बघून देश कुठला ते मला तरी ओळखता आलं नसतं.

नाका म्हणजे एक कौलारू खोपटं, एक टेबल आणि एक साहेब. साहेब देशावरचे, चष्मा लावलेले, शांत. मला शांत माणसांचा भारी राग येतो. त्यांच्याशी भाव करता येत नाही.

"यात काय आहे?"

"उखळी. देवळाची. नवसाची."

साहेबांनी गोणपाट सोडायला लावलं, उखळीच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि कागद मागितले. मी परवाना दिला आणि वजन पडावं म्हणून वर दानपत्रही दिलं. साहेब ते मोठ्याने वाचू लागले.

"'सदरहू तोफ अस्सल पोलादी असून, हिचा गडगडाट तीन कोसांवरील शत्रूच्या छातीत धडकी भरवील, व प्रसंगी गडकोट जमीनदोस्त करण्याचे सामर्थ्य...'" त्यांनी चष्मा काढला. "तोफ?"

मास्तरांच्या सात पिढ्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या.

साहेबांनी खणातून एक छापील यादी काढली. बंदुका, तोफा, दारूगोळा, त्यांचे भाग आणि तत्सम लष्करी साहित्य: खास परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यास मनाई.

"साहेब, ही तोफ नाही हो."

"तुमच्याच कागदात लिहिलंय."

मग मी आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. स्वतःच्या मालाला नावं ठेवली. ही पातळ आहे, म्हटलं. हिचं लोखंड भंगारातलं आहे. लोहाराला मी इतका खाली आणला की त्याने बूड जेमतेम जोडलंय. गड सोडा, हिच्याने कावळा उडायचा नाही. तीस वर्षं मी वाईट माल चांगला म्हणून विकला. चांगला माल वाईट ठरवायला निघालो तर घाम फुटला.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे देवीला असला माल देताय?"

मी गोणपाटाचं तोंड बांधायला घेतलं.

"मुंबईला अर्ज करा," ते म्हणाले आणि चार पानी फॉर्म पुढे केला. "वापरणाऱ्याचं नाव?"

"श्री देवी."

"व्यवसाय?"

"गावाचं रक्षण."

"रक्षण लिहिलंत तर हे लष्करीच होतंय बघा."

"मग भक्तांचं कल्याण लिहा."

"ती काही नोकरी नाही."

"घरीच असते हो ती! देवळातून वर्षातून एकदा बाहेर पडते, पालखीत बसून."

साहेबांनी जरा विचार केला आणि लिहिलं: गृहिणी. मी सही केली. उत्तर यायला किती दिवस लागतील? ते सांगता येत नाही, म्हणाले. आणि पालखी त्याच दिवशी चार वाजता उठायची होती. मला घरची आठवण झाली. आमच्या घरातली उंबऱ्यावर बसून असेल आणि मी गेल्या गेल्या एकच गोष्ट विचारील.

माझा आवाज चढला. मी टेबलावर मूठ आपटली. मग मला एकदम सुचलं.

"साहेब, उखळी बाहेर न्यायला बंदी. वाजवायला?"

"आरोंद्याच्या देवळात वाजते की दरवर्षी. आपल्या हद्दीत गावाने बार काढला तर माझा संबंध नाही."

"आणि तिचा आवाज बाहेर गेला तर?"

साहेबांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. आवाज यादीत नव्हता.

"पाच बार," मी म्हणालो.

"एक."

"तीन. देवीला तीन लागतात."

"पलीकडे बंदुका घेतलेली माणसं उभी आहेत, शेट. एक."

त्या माणसाला मी एकावरून दीडावरही आणू शकलो नाही. आरोंद्याच्या देवळात बार भरणाऱ्या दाजीला गाठलं, उखळी त्याच्या हवाली केली, चारच्या ठोक्याला बत्ती द्यायची असं त्याला बजावलं, आणि मी रिकाम्या हातांनी होडीत बसलो.

पलीकडे तरीपासून (होडी लागते त्या धक्क्यापासून) पाव तासावर आमचं देऊळ. पालखी सजून तयार होती. आबा गुरवाला मी सगळी हकीकत सांगितली. त्याने डोकं खाजवलं, पण माणूस भला. सगळ्यांना गप्प बसवलं. शंभरएक माणसं श्वास रोखून खाडीकडे कान लावून उभी राहिली. तीन कोसांची उखळी, आणि मध्ये फक्त खाडी.

धप्.

"इलो काय आवाज?" आबाने विचारलं.

"इलो," मी म्हणालो.

"माका वाटला कोणाचो नारळ पडलो."

आबाने देवीपुढे हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा आवशी, शेटान तुका उखळी बोललेली. ती सरकारान पल्याड अडवल्यान. शेटान नुसतो आवाज धाडल्यान आसा. तो गोड मानून घे आणि घरच्या बायमाणसाक बरा ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठ्याने मी.

मग कौल लावला. (देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.) डावी कळी इतक्या झटकन पडली, जणू वाटच बघत होती.

"परत लावा," मी म्हणालो.

परत डावी.

"आबा, नीट चिकटवा हो जरा!"

आबा वळला. सोन्याचा हार बोलल्याचं पत्र मी त्यालाच पाठवलं होतं हे मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता. "शेटानू, सोन्यासून लोखंडार इलास. लोखंडासून आवाजार इलास. फुडल्या वर्सा नुसती चिठी धाडतलास. देवीन काय दुकान मांडल्यान हा?"

लोक हसले. पालखी माझ्या उखळीशिवाय उठली आणि मजेत गेली.

परतताना तरीवर पाखल्यांच्या शिपायांनी मला दोनदा तपासलं, कारण अल्याडहून बार झाला होता. एकाने माझी टोपी उलटी करून आत पाहिलं. तोफ तिथे असेल असं त्याला वाटलं असावं. नाक्यावर साहेबांनी "झालं का काम?" एवढंच विचारलं. दाजीने तिथे आणून ठेवलेली उखळी मी उचलली. जाताना जेवढी जड होती त्याहून येताना जड लागली. घरी उंबऱ्यावर ती बसलेली होतीच. मी गोणपाट खाली ठेवलं. तिने गोणपाटाकडे पाहिलं आणि आत जाऊन दुधी चिरायला घेतला.

त्यानंतर मुंबईला मी किती पत्रं लिहिली ते टपालखात्याला ठाऊक. परवाना पुढच्या मार्गशीर्षात आला: चार प्रती, प्रत्येकीवर गोल शिक्का. त्याच सुमारास आपलं लष्कर गोव्यात शिरलं आणि हद्दच संपली.

पौषात मी पुन्हा उखळी घेऊन आरोंद्याला उतरलो. खोपट्याला कुलूप. टेबल बाहेर पडलेलं आणि त्यावर एक कोंबडी बसलेली. वर्षभराने मिळालेला परवाना खिशात, आणि अडवायला माणूस नाही! मी दारावर थापा मारल्या.

तारी होडीतून ओरडला, "कोणाक हाक मारतास?"

"सायबाक!"

"सायब गेले बदली जावन."

"मगे ह्यो परवानो कोण बघतलो?"

"हाडा हय." त्याने कागद उलटा धरून नीट न्याहाळला. "बरो आसा. बसा."

देवळाच्या अंगणात उखळी तीनदा वाजली. अंगणात उभं राहून ऐकलं तर आवाज चांगलाच मोठा आहे तिचा. उजवी कळी पडली. मी पुन्हा कौल लावायला सांगितलं नाही.

मालवणात पोचलो तो थेट किनाऱ्यावर, दांड्यावर. बांगडे नुकतेच उतरले होते. मासेवालीने भाव सांगितला आणि मी तेवढे दिले. ती घाबरली. "शेटानू, बरे नाय काय?" पिशवी नव्हती म्हणून परवान्याच्या तीन प्रतींत बांगडे बांधले. चौथी माझ्या खिशात राहिली.

चुलीवर आमटी उकळत होती तेव्हा आमच्या घरातलीने ती चौथी प्रत माझ्या सदऱ्यातून काढली आणि पाटावर बसून अक्षर लावत वाचली. मग हसली. त्या तापानंतर तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"देवी आणि गृहिणी? मगे ती दिवसभर काय करता?"

"तुझ्यासारख्याच," मी म्हणालो. "सांगल्या भावाच्या खाली येणा नाय."