फॉर्ममधला ‘नाही’

चोऱ्या-दरोड्यांतली नावंगावं विसरलो, पण आरोग्य विम्याच्या एका फॉर्मची ती केस अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा नाशिकमधल्या एका पोलिस ठाण्याचा प्रभारी होतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, इंदिरानगरला राहणारे एक गृहस्थ विमा एजंटाविरुद्ध फसवणुकीचा अर्ज घेऊन आले. निवृत्त होताना त्यांनी स्वतःचा आणि बायकोचा विमा काढला होता. आता बायको दवाखान्यात, किडन्या निकामी होत चाललेल्या, आणि जुना मधुमेह लपवला म्हणून कंपनीने खर्च नाकारलेला. आमच्या घरात कुणाला गोळी माहीत नाही, असं ते छाती ठोकून सांगत. केसपेपरवर मात्र जुन्या मधुमेहाची नोंद होती. ती एजंटाने दवाखान्याशी संगनमत करून घातली, असा त्यांचा आरोप.

एजंट नामपूरकडचा, पस्तिशीतला. जबाबात एवढंच म्हणाला की फॉर्म मी भरला, सही काकांची. पुढे तोंड उघडेना. चोराच्या मनात चांदणं, असं मी धरून चाललो. नेहमीचा उपाय केला. दोघांना समोरासमोर बसवलं, आवाज चढवला, गुन्हा दाखल करतो म्हणालो. तेव्हा तो बोलला.

“साहेब, काकूंनी मला फाटकाशी गाठलं. म्हणल्या, मला शुगर हाय, पण लिहू नका, यांना कळंल. कुणाला सांगणार नाय, असा मी त्यांना शब्द दिलता.”

गृहस्थांनी टेबलावरचा स्वतःचा अर्ज पुढे ओढून घेतला. मग म्हणाले, “अर्ज मागे घेतो. फक्त मला कळलंय, हे तिला सांगू नका.”

एजंटाने खोटं लिहिलं, ती चूक होतीच. पण तेच मी दार लावून, त्याला एकट्याला, शांतपणे विचारायला हवं होतं. दोन महिन्यांनी ती बाई गेली. शेवटपर्यंत आम्ही नवराबायकोंनी तो विषय काढला नाही, असं ते नंतर एकदा भेटले तेव्हा म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. लोक पोलिसांपेक्षा घरच्यांपासून जास्त लपवतात, आणि तेही बहुतेक मायेपोटी.

पुढच्याच वर्षी मी निवृत्त झालो. तसाच फॉर्म समोर आला. कोणता विमा, किती रकमेचा, सगळं मीच ठरवलं होतं. बायकोच्या आजारांच्या रकान्यात सवयीने ‘नाही’ लिहायला गेलो आणि थांबलो. तिला शेजारी बसवून विचारलं. ती उठली, कपाटातल्या साड्यांखालून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं.

“कधीपासून?”

“तुमची मालेगावला बदली झाली, तेव्हापासून.”

त्या बदलीला नऊ वर्षं झाली होती. मी ती केस तपासत होतो, तेव्हाही त्या गोळ्या तिथेच होत्या.