तपासणीच्या कार्डावरच्या माझ्या सह्या

सुधाकर गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, प्रेरणाने केला. सुप्याला त्याला निरोप देऊन श्रीरामपूरला परतलो आणि चपलाही न काढता कपाटातली त्याची हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली. नुसतं टक् टक्... केबल बदलली, शेजारच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. तेच.

आम्ही शाळेत एका बाकावरचे. पुढे तो सुप्याच्या एका कारखान्यात तपासणीला लागला आणि घरीही तपासनीसच राहिला. भेंडीसुद्धा मोडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. आईच्या शेवटच्या वर्षात रोज कामावरून आल्यावर तो तिला बोलतं करून रेकॉर्ड करायचा. ऊसतोडीचे दिवस, दीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडले ती सकाळ, तिची गाणी. प्रश्न त्याचे, उत्तरं तिची, मध्येच दोघांचं हसणं. एक डिस्क त्याने स्वतःकडे ठेवली, दुसरी माझ्याकडे दिली. सोबत कारखान्यातल्यासारखं कार्ड, दर वर्षाला एक चौकट. "नुसती ठिवून डिस्क मरती, गड्या. वर्सातून एकदा लावून आयकायची. तपासल्याबिगर सही करायची न्हाई."

दर बुद्धपौर्णिमेला त्याचा फोन यायचा, "लावली का?" मला वैताग यायचा. फोन कानाशी धरूनच मी सही ठोकायचो आणि म्हणायचो, "लावली बाबा, झकास चालते." गेल्या वर्षी त्याची डिस्क बंद पडली, तरी तो निवांत होता. "तुज्याकडं हाय ना. यीन एकदा, कॉपी करून घीन." त्याचं येणं राहूनच गेलं...

आठवड्याने प्रेरणा आली. कार्डावरून बोट फिरवत म्हणाली, "काका, किती सांभाळलंत! आता पप्पांचा आवाजही यातच आहे." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी डिस्क कपाटातून काढून तिच्या हातात दिली. डिस्क ओढणीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ती एसटीने गेली. संध्याकाळी तिचा फोन आला, हुंदके देत, "काका, माझ्याच हातून गेली. गाडी आदळली, तेव्हाच काहीतरी झालं." मी म्हणालो, "असू दे, बाळा." असू दे! लाज वाटायला हवी होती मला.

पुण्याच्या दुरुस्तीवाल्यांनीही हात टेकले. पोरगी धड जेवत नाही, असं तिची आई सांगते. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

कार्ड ती माझ्याकडेच ठेवून गेली, पप्पांची आठवण म्हणून. आत्ता समोर आहे. पहिली सही सुधाकरची, माझ्यासमोर डिस्क लावून, ऐकून केलेली. खालच्या सगळ्या माझ्या. प्रेरणा, खरी तेवढी पहिलीच. तू डिस्क नेलीस, तेव्हा ती बंदच होती आणि मला ते माहीत होतं.