बर्फीची परीक्षा

आमच्या थोरल्या दिरांइतका निरुपद्रवी शिकारी अख्ख्या आयर्लंडमध्ये शोधून सापडणार नाही. गेली सहा वर्षं हिवाळ्यातल्या दर रविवारी ते काळा कोट, पांढरी विजार आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून घोड्यावर बसतात, तीसेक शिकारी कुत्र्यांच्या मागे नावन गावाच्या आसपासचा चिखल तुडवत दौडतात आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात खातात. त्यांनी आजवर मुंगीसुद्धा मारलेली नाही. घरात कोळी निघाला तर त्याला जुन्या पाकिटावर घेऊन बागेत सोडतात. पाऊस असला तर शेडमध्ये.

हा नाद त्यांना एका पेशंटमुळे लागला. दादा, मी त्यांना दादाच म्हणते, इथल्या सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ आहेत. भूल देताना माणसाला बोलतं ठेवायचं म्हणून ते विचारतात, "बरे झालात की पहिल्यांदा काय करणार?" एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "घोड्यावर बसून कुत्र्यांच्या मागे..." आणि झोपला. दादांना अर्धवट राहिलेलं वाक्य सहन होत नाही. ते दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन उरलेलं वाक्य ऐकून आले. त्यात कळलं की या मंडळींच्या शिकारीत सावजच नसतं. एक माणूस तासभर आधी शेतांतून, खंदकांतून एक चिंधी फरफटत नेतो. चिंधी बडीशेपेच्या वासाच्या तेलात बुडवलेली. कुत्री त्या मागावर धावतात, घोडेस्वार कुत्र्यांच्या मागे.

"म्हणजे शिकार आहे, पण मरत कोणीच नाही," दादा घरी येऊन म्हणाले.

"तुम्ही घोड्यावर बसेपर्यंत," जाऊबाई म्हणाल्या.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी दादा घोड्यावर बसायला शिकले. पहिल्या वर्षात किती वेळा पडले ते मी लिहून ठेवलं होतं, ते पान जाऊबाईंनी मागून घेतलं आणि परत दिलं नाही. शिकले मात्र भूलतज्ज्ञासारखे. दौडीआधी ते भाड्याच्या घोडीचे श्वास मोजतात, पापणी वर करून बघतात आणि तिच्या मालकाला विचारतात, "शेवटचं कधी खाल्लंय हिने?" हा प्रश्न ते दारात आलेल्या पाहुण्यालाही विचारतात. फरक इतकाच, की पाहुण्याने सहा तास झाले म्हटलं की त्याला थेट जेवायला बसवतात. जेवण झालं की खिशातून स्टीलची डबी निघते आणि बडीशेप समोर येते. ही डबी त्यांच्या अंगावर नाही असं मी कधी पाहिलेलं नाही. मैदानात एका घोड्यावरून दुसऱ्या घोड्यावर वाकून ते शेजारच्या स्वाराला बडीशेप देतात, आणि तांबड्या नाकांचे ते शेतकरी निमूटपणे चघळतात. डॉक्टरने दिलंय म्हटल्यावर औषधच असणार.

आता बडीशेपेचा माग आणि बडीशेपेची डबी हे वाचणाऱ्याने केव्हाच जोडलं असेल. आमच्यातल्या कोणालाही सहा वर्षांत ते जोडता आलं नाही. रविवारच्या सामानाची यादी माझ्याकडे असते, तरी मलाही नाही. दर रविवारी माझ्या गाडीत मागे एक क्रेट असतो: टॉवेल, सुके मोजे तीन जोड, चहाचा थर्मास, क्रेप बॅंडेज, गुळपोळ्या. मी गाडी घेऊन रस्त्यारस्त्याने फाटकं गाठते आणि दादांना गोळा करते. दादा नेहमी सगळ्यांत शेवटी असायचे, कुत्री पार पुढच्या टेकडीपलीकडे. त्यामुळे निभावलं.

मग बर्फी आली. या मंडळींची रीत अशी, की पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाली की सभासदांच्या घरी वाढवायला द्यायची आणि मोठी झाली की परत कळपात न्यायची. आईच्या नावाचं अक्षर पिल्लाला लागतं. ब आला होता. आजवर ब्रॅंबल आणि ब्लॉसम ठेवणाऱ्या त्या कळपाच्या वहीत दादांनी बर्फी असं नाव घालायला लावलं. त्यांचा मुलगा तेव्हा नुकताच लिमरिकला शिकायला गेला होता. त्याची खोली बर्फीला मिळाली. तो सुट्टीत आला तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "दॅट्स माय बेड, बाबा," आणि गालिच्यावर झोपला.

बर्फी वर्षभर या घरात वाढली. दादांच्या पायाशी बसून जेवली, आणि रोज जेवणानंतर दादांच्या तळहातावरची चिमूटभर बडीशेप तिने चाटली. परत द्यायची वेळ आली तेव्हा जाऊबाईंनी म्हटलं, ठेवून घेऊ. पण घरात दिवसभर कोणी नसायचं, आणि कळपाच्या जातीची कुत्री एकटी राहत नाही. ती रडून सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची. "तिला तिच्यासारख्यांत राहू दे," दादा म्हणाले आणि स्वतःच तिला सोडून आले. येताना रस्ता चुकले. घरापासून तो रस्ता दहा मिनिटांचा आहे.

बर्फीची पहिली दौड नोव्हेंबरमध्ये होती. कळपाचा प्रमुख मोजकं बोलणारा माणूस. त्याने सकाळीच सांगितलं, "डॉक, दोन माग आहेत आज. दोन्हींवर चुकली तर मला ठेवता यायची नाही. पलीकडे, इंग्लंडात कोणी घेतं का बघेन." दादांनी आयुष्यात पहिल्यांदा घोडी पुढे काढली. बर्फीच्या अगदी शेजारून दौडायचं, तिला एकटं वाटू द्यायचं नाही, असा बेत होता.

पहिला माग सुटला. कुत्री एका सुरात ओरडत निघाली, बर्फी मधोमध. दोन शेतं बरी गेली. मग वारा फिरला. बर्फी थांबली, नाक वर केलं, सरळ मागे वळली आणि दादांच्या घोडीभोवती आनंदाने ओरडत फिरायला लागली. तिच्यामागे आणखी चार कुत्री आली. दादा मध्यभागी, पाच कुत्री भोवती, आणि सगळे स्वार खोळंबलेले. फाटकाशी उभी राहून मी हे अगदी जवळून बघत होते.

प्रमुख घोडा चालवत जवळ आला. "नाक ग्रॅंड आहे तिचं," तो म्हणाला. "पण ती तुमच्या मागावर आहे, डॉक. खिशात काय आहे?"

दादांनी डबी काढली. कोणी हसलं नाही, म्हणजे लगेच नाही.

"मीनल, ही डबी घे," दादा मला म्हणाले. मी घेतली. मग त्यांनी स्वतःचा हात हुंगला, कोटाची बाही हुंगली. सहा वर्षांची बडीशेप त्या कोटात मुरली होती. ते घोडीवरून उतरले, लगाम घोडीच्या मालकाच्या हातात दिला आणि माझ्या गाडीत येऊन बसले.

"दादा, कोट काढा फक्त. माझं जॅकेट घाला."

"नको. काच वर कर."

"अहो, वर्षभर वाट बघितलीत या दिवसाची."

"तिची परीक्षा आहे," दादा म्हणाले. "माझी नाही. काच वर कर, मीनल, वास बाहेर जाईल."

चारही काचा बंद केल्या. आम्ही दोघं, ओला कोट, गुळपोळ्या. काचांवर वाफ धरली. दादा रुमालाने गोल पुसायचे, परत वाफ यायची, परत पुसायचे. अर्ध्या तासाने ओरडा ऐकू आला. दुसरा माग आमच्या फाटकासमोरूनच जात होता. कुत्री कुंपणावरून सांडल्यासारखी आली. बर्फी पाचवी की सहावी होती, नाक जमिनीला. ती गाडीपासून चार हातांवरून गेली.

"बघितलंसुद्धा नाही," दादा म्हणाले. मुलाला लिमरिकला प्रवेश मिळाल्याचं त्यांनी याच आवाजात सांगितलं होतं. मग बराच वेळ ते पुसलेल्या गोलातून रिकाम्या शेताकडे बघत राहिले. मी थर्मास उघडला. त्यांनी चहा घेतला आणि सवयीने खिशात हात घातला.

डबी आता रविवारी घरी राहते, आणि माझ्या यादीत सगळ्यांत वर 'दादांचे खिसे' आहेत. कोट नवीन आहे. दादा पुन्हा शेवटी दौडतात. गेल्या महिन्यात दौड संपल्यावर कुत्री आपल्या व्हॅनमध्ये चढत होती, तेवढ्यात बर्फी कळप सोडून दादांपाशी आली. दादांनी हातमोजा काढून तळहात पुढे केला. त्यावर काहीच नव्हतं. तिने तो हुंगला, तरीही नीट चाटला आणि हाक आल्यावर पळत गेली.

घरी येईपर्यंत थंडी मरणाची होती. दादांनी त्या हातात मोजा घातला नाही.