बारीक होण्यासाठी आधी बारीक व्हा

"मॅडम, ऑपरेशन तो हम कर देंगे, लेकिन पहले आपको दस किलो उतारना पड़ेगा," डॉक्टर म्हणाले आणि मला हसूच आलं. हसायची ती जागा नव्हती. नवरा शेजारी बसला होता, त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच समोरच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टकडे बघायला लागला.

"सर, दस किलो उतार सकती तो आपके पास क्यों आती?" मी म्हणाले.

हा प्रश्न त्यांना बहुतेक रोज कोणीतरी विचारत असावं. ते अजिबात रागावले नाहीत. टेबलावरचा कागद ओढून त्यांनी जठर काढलं आणि त्याच्यावर लिव्हर काढलं, चांगलं मोठं. माझं निदान होतं फॅटी लिव्हर, ग्रेड थ्री. म्हणजे यकृतात चरबी साठून ते फुगलंय आणि जठरावर पांघरुणासारखं पसरलंय. ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं, तर हे लिव्हर उचलून बाजूला धरावं लागतं. असं चरबीचं, जड लिव्हर उचलताना फाटू शकतं, रक्तस्राव होतो. वजन थोडं उतरलं की सगळ्यात आधी लिव्हर आकसतं. म्हणून आधी दहा किलो.

सगळं पटलं. पटूनही इतकं थकायला झालं की खुर्चीतून उठवेना.

ज्यांना अजून माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बेरियाट्रिक सर्जरी म्हणजे पोटावरची चरबी कापून काढणं नव्हे. मी शिकवते त्या शाळेतल्या निम्म्या बायकांना तसंच वाटत होतं. माझी ठरली होती ती स्लीव्ह, म्हणजे जठराचा बराचसा भाग काढून टाकायचा आणि उरलेल्याची शर्टाच्या बाहीसारखी निमुळती नळी ठेवायची. खाणं कमी जातं, आणि भूकही पुष्कळ कमी लागते.

मी इथपर्यंत आले ती हौसेने नाही. शुगर होती, इन्सुलिन चालू होतं. स्लीप ॲप्निया होता, म्हणजे झोपेत श्वास मधेच थांबतो. गुडघे तर केव्हाच गेले होते. तरी मी ढकलत होते. मग पितृपक्षात सासऱ्यांच्या श्राद्धाला आम्ही इथल्या, उज्जैनच्या राम घाटावर गेलो. उतरताना उतरले. चढताना चौथ्या-पाचव्या पायरीवर गुडघ्याने जबाबच दिला आणि मी बसले ती बसलेच. नवऱ्याला एकट्याला उचलता येईना. शेवटी दोन पंडे आले आणि तिघांनी मिळून मला वर आणलं. त्यातला म्हातारा पंडा फार प्रेमाने म्हणाला, "माताजी, अगली बार ऊपर ही बैठ जाना. भगवान वहाँ से भी देख लेते हैं." तो चांगुलपणाने बोलला, पण ते मला फार लागलं. पुढच्याच आठवड्यात मी शुगरच्या डॉक्टरांना म्हणाले, काय ते ऑपरेशन म्हणता ते करून टाका.

तर दहा किलो. आमचे सर्जन इंदूरचे, आठवड्यातून एकदा इथे फ्रीगंजमध्ये ओपीडीला येतात. ऑपरेशन इंदूरलाच. त्यांच्या दवाखान्यातल्या डाएटिशियन मॅडमही तिकडच्याच, ओपीडीला सोबत येतात. त्यांनी पोळी, भात, बटाटा, साखर सगळं बंद केलं आणि प्रोटीन पावडर दिली. पहिले काही दिवस बरे गेले, थोडं वजन हललंही. मग पावडरीने उलट्या सुरू झाल्या. व्हॅनिला लिहिलेलं होतं, वास मात्र ओल्या चुन्याचा. मी शाळेत वर्गात फळ्याकडे तोंड करून कशीबशी उभी राहायची.

एका दुपारी मी आडवी पडले होते, म्हणून सासूबाईंनीच डाएटिशियनला फोन लावला. माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, सत्याहत्तर वर्षांच्या. लग्न होऊन नागपूरहून उज्जैनला आल्या त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, हिंदी त्यांची चोख. मॅडम म्हणाल्या, "पाउडर रहने दीजिए मांजी, घर का ही पतला-पतला देते रहिए." आईंनी दोनदा विचारून खात्री केली. पतला-पतला. फोन ठेवून त्या माझ्याजवळ आल्या, चेहरा खुललेला. "बघ, त्या म्हणाल्या पातळ द्या. हे तर मी पहिल्या दिवसापासून म्हणू राहिली होती."

आता आपल्याकडे आजारी माणसाला पातळ द्यायचं म्हणजे काय, हे कोणाला शिकवावं लागत नाही. तांदळाची पेज, वर मेतकूट आणि तुपाची धार. साबुदाण्याची पेज. रव्याची लापशी. सुनेचे डोळे खोल गेलेत, तिला उभं करायचंय, तर अंगी लागेल असंच काहीतरी द्यायला हवं. साखर मात्र आईंनी चिमूटभरही घातली नाही, पथ्य म्हणजे पथ्य. पुन्हा दर वेळी वाटी तिरकी करून मला दाखवायच्या, वाहतंय ना? वाहत होतं. मीही प्यायले. इतक्या दिवसांच्या उपाशी जिवाला ती गरम पेज काय लागली म्हणून सांगू. आता जमेल, असं मला पहिल्यांदाच वाटायला लागलं.

ओपीडीच्या दिवशी काट्यावर उभी राहिले. वजन दोन किलोने वाढलेलं.

डॉक्टरांनी डाएटिशियनला बोलावलं. मॅडमनी विचारलं, पूरा दिन क्या-क्या लिया? माझ्याऐवजी आईंनीच उत्तर दिलं, कारण केलं त्यांनी होतं आणि त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"सुबह पेज."

"पेज क्या होता है मांजी?"

"चावल को खूब गलाते हैं, एकदम पतला. फिर उसमें थोडा घी. दोपहर को साबुदाने की पेज, वो भी पतली. आपने बोला था ना पतला-पतला."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मांजी, पतला मतलब दाल का ऊपर का पानी, छाछ, सब्जी का छना हुआ सूप. जिसमें कुछ ना हो."

"जिसमें कुछ ना हो, वो बीमार आदमी को कैसे दें?" आई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली. आम्ही निघताना म्हणाले, "देखिए, पिघला हुआ चावल भी चावल ही है. एक महीना और देता हूँ. तब भी लिवर ऐसा ही रहा तो मैं हाथ नहीं लगाऊँगा. आपकी जान का सवाल है."

परत येताना टावर चौकात रिक्षा अडकली. संध्याकाळची वेळ, सगळीकडे कढया तापलेल्या. आई शेजारी बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मी तर तुझं भलंच करू राहिली होती गं." मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. भयंकर आला होता. पण मी गणित शिकवते, पेजेत काय असतं ते मला कळायला नको होतं? भूक होती, आणि समोर जे आलं ते हवंसं होतं. आम्हा दोघींना एकच शब्द आपापल्या सोयीने ऐकू आला. मी त्यांचा हात धरला.

पुढचा महिना फार वाईट गेला. वरणाचं पाणी, ताक, दुधीचं सूप. पावडर दुसऱ्या चवीची मिळाली, ती नाक दाबून जायची. आई आता सगळं फडक्यातून गाळायच्या, एकदा नाही, दोनदा, आणि फडकं पिळताना डोळे पुसायच्या. घरात फोडणीचा वास नको म्हणून नवरा आणि त्या दही-भातावर राहिले. शाळेत पोरींवर ओरडायला लागले होते मी. डोकं दुखायचं, तोंडाला वास यायचा, थंडी वाजायची. कोणी म्हणालं की चेहरा काय छान बारीक झालाय, तर मला ते माणूस नकोसं व्हायचं. डॉक्टर म्हणतात हे थोडेच दिवस असतं. उपाशी माणसाला थोडे दिवस कळत नाहीत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

त्यात संक्रांत आली. हळदीकुंकवाला जिच्याकडे जावं तिच्याकडे तिळाची वडी हातात. मी रुमालात बांधून घ्यायची. एका काकूंनी ते पाहिलं आणि भर बैठकीत म्हणाल्या, "आता तर वजन उतरूनच राहिलंय ना तुझं? मग उगीच कापाकापी कशाला? जरा मन पक्कं कर, झालं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एवढी वर्षं मन कच्चं म्हणून मी जाड, आणि आता मन पक्कं झालंच आहे तर ऑपरेशन कशाला! दोन्हीकडून मार मलाच.

महिन्याने काट्यावर वजन दहा किलोंच्या थोडं वर उतरलं होतं. सोनोग्राफीत लिव्हर लहान झालेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, "बढ़िया." एवढंच. मला वाटलं होतं मी आनंदाने रडेन. मला फक्त झोपायचं होतं.

पण काकूंचं बोलणं आईंच्या मनात राहिलं होतं. त्यांनी डॉक्टरांना विचारलंच, अपने आप उतर रहा है तो रहने दें क्या? डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "मांजी, ये भूखा रहकर उतरा है. भूखा कोई जिंदगी भर नहीं रह सकता. मैं इनकी भूख का इलाज करने वाला हूँ, इनकी हिम्मत का नहीं. हिम्मत तो इन्होंने दिखा दी." तेव्हा मात्र मी रडले. अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या वजनाबद्दल बोलताना हिंमत हा शब्द कोणी वापरला नव्हता.

ऑपरेशन इंदूरला झालं. नीट झालं. नंतर खांद्यात गॅसची कळ येते, घाबरू नका, दुर्बिणीसाठी पोटात हवा भरतात तिची असते. त्याच दिवशी चालवतात, चाला. आणि तुम्हाला आधी वजन उतरवा म्हणून परत पाठवलं, तर ती परीक्षा समजू नका, अपमान तर मुळीच समजू नका. तुमच्या लिव्हरसाठी मागितलेली जागा आहे ती. काय द्यायचं ते मात्र घरात रांधणाऱ्या माणसाला सोबत नेऊन समोरासमोर, पदार्थांची नावं घेऊन विचारा. आणि त्या माणसावर चिडू नका. चिडलात तर लवकर विसरा.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी आईंनी वरणाचं पाणी आणलं. लहान वाटी, चमचा. मी घोट घोट घेतलं. अर्धी वाटीही झाली नसेल.

"आणखी थोडं?"

"नको आई. पोट भरलं."

हे वाक्य मी जन्मभर म्हणत आलेय. पंगतीत, लग्नात, माहेरी, शाळेच्या डब्याच्या वेळी, लोक ताटाकडे बघू लागायच्या आत. मग घरी येऊन ओट्याशी उभ्याने जेवायची. आईंना ते माहीत होतं, त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. म्हणून त्या वाटी धरून तशाच थांबल्या, नेहमीसारख्या. मी वाट बघितली, आतून भुकेची हाक येते का. आली नाही. काहीच आलं नाही.

"खरंच भरलं हो," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.