फिदेलिनाने नावाजलेली गाडी

माझी धाकटी जाऊ फिदेलिना वाईट बाई नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटलं तर दोष माझा असेल.

ती आमच्या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आमच्या सालकाहा गावात बायका सूत बांधतात. विणण्याआधी सुताच्या लडीला बारीक बारीक गाठी मारायच्या आणि लडी रंगात बुडवायची. गाठीखालचं सूत पांढरं राहतं, मागावर त्याचीच नक्षी उमटते. फिदेलिना हे काम नवव्या वर्षापासून करत होती. गाठी माझ्याही चांगल्या यायच्या. पण पाहुणे आले की सासूबाई लडी दाखवायच्या त्या तिच्या.

गावाचा दुसरा धंदा गाड्यांचा. अमेरिकेत लिलावात निघालेल्या, ठोकलेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या आमच्याकडचे लोक मेक्सिकोतून चालवत आणतात, पत्रा सरळ करून रंग मारतात आणि हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना विकायला उभ्या करतात. माझे दीर, म्हणजे तिचे यजमान माकारिओ, पिकअप घ्यायला निघाले, तेव्हा फिदेलिना सहज सोबत गेली. आत बसून तिने सीटचा पट्टा ओढला. आपण ओढतो तसा हातभर नाही, आत गुंडाळलेला सगळा, पार शेवटपर्यंत. खालच्या टोकाला फिकट तपकिरी रेघ होती.

"ही गाडी बुडालीय," ती माकारिओंच्या कानात म्हणाली. "पाणी सुतात असंच चढतं. गाडी सगळे धुतात, पट्टा कोण धुतो?"

त्या दिवशी तिने दुसरी पिकअप निवडली, तीही स्वस्तात. मग तिचं नाव झालं.

घासाघीस करायची तिची एक रीत होती. जी गाडी घ्यायची नाही तिची तोंडभरून स्तुती करायची, आणि जी हवी तिला नावं ठेवत सुटायचं. "पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला घेऊन त्याच मालकाकडे जायचं असतं, ताई," ती मला म्हणाली होती. "नको त्या गाडीला गोड बोललं की कुणाचं मन दुखत नाही."

आमचं अंगण एक आणि फाटकाजवळचं दार माझं. त्यामुळे लोक माझंच दार वाजवायचे. "फिदेलिनाबाई आहेत का? गाडी बघायची होती." मी हाक मारायची आणि बाजूला व्हायचं. कुणीतरी माझ्याकडेच आलंय असं वाटून मी कधी कधी केसही नीट करायची. काम झालं की लोक तिला बडीशेपेच्या पावाची टोपली आणून द्यायचे, आणि ती निम्मी टोपली माझ्या टेबलावर ठेवायची. पाव छान असायचा. तो मी खायची, हेच मनाला जास्त लागायचं.

पुढे आम्हालाही व्हॅन घ्यायची वेळ आली. माझे यजमान एलेउतेरिओ बाजारांतून कापड विकतात. कापडाचे गठ्ठे वर्षानुवर्षं बसच्या टपावरून जायचे. पाऊस लागला की रंग उतरायचा आणि आठवड्याची विक्री बुडायची. अकरा वर्षं साठवून आम्ही एका गाडीपुरते झालो होतो. एकाच. चुकलो असतो तर पुन्हा बसचा टप होता.

"फिदेलिनाला घेऊन जा," एलेउतेरिओ म्हणाले.

"का? मला डोळे नाहीत?"

"आहेत गं. पण तिच्यासारखे..." आणि ते थांबले. न थांबते तर बरं झालं असतं. उरलेलं वाक्य मी तीन आठवडे मनात पुरं करत राहिले.

एका गुरुवारी फिदेलिना रंगाच्या पिंपाशी अडकलेली पाहून मी एकटी गाड्या विकणाऱ्या अबुंदिओशेठच्या आवारात गेले. तिथे एक चंदेरी व्हॅन होती, मागे आमचे सगळे गठ्ठे मावतील अशी. मी आत बसले आणि पट्टा ओढला, शेवटपर्यंत. काळा, कोरा, एक डाग नाही. चारही पट्टे तसेच. मी भावाला हात घातला. गाडीचे बावन्न हजार केत्साल सांगणारा अबुंदिओशेठ दोन घटकांत चव्वेचाळीसवर आला. तो माणूस सख्ख्या आईलाही इतक्या लवकर सूट देणार नाही. पण तेव्हा मला वाटलं, ही माझ्या जिभेची कमाई.

"रोसेंदाबाई," तो कपाळ पुसत म्हणाला, "तुमच्या जाऊबाईंपेक्षा तुम्ही कडक निघालात."

त्या एका वाक्यावर मी त्याच्याकडून चाकं नसलेली गाडीसुद्धा घेतली असती.

गुपचूप व्यवहार उरकता आला असता. पण जिला दाखवायचं तिने पाहिलंच नाही तर काय उपयोग? दुसऱ्या दिवशी मी एलेउतेरिओंना आणि फिदेलिनालाही घेऊन गेले. "नुसतं बघायला चल," म्हटलं. "ठरलंय सगळं."

कागद टेबलावर तयार होते. अबुंदिओशेठने माझ्या हातात पेन दिलं. फिदेलिना गाडीभोवती फिरली, आत बसली, पट्टा ओढला आणि अंगठ्याखाली दाबून पाहिला. खाली उतरली ती हसतच.

"किती देखणी गाडी. ताई, नशीब काढलंत. रंग बघा, काचा बघा. अशी गाडी मी सहा महिन्यांत पाहिली नाही."

माझी छाती फुगली. एलेउतेरिओ माझ्याकडे असे बघत होते, जसे लग्नानंतर पहिली काही वर्षंच बघायचे.

"आणि पट्टे," फिदेलिना म्हणाली, "पट्टे तर गाडीपेक्षाही नवे."

ती स्तुती करत होती. एकही खोड काढली नव्हती तिने. मी पुन्हा गाडीत डोकावले. पायाखालच्या ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, गिअरच्या दांड्यावरचे आकडे पुसले होते, आणि पट्टे मात्र चारही कोरे. जुन्या गाडीचे चार पट्टे कोण बदलतं? ज्याला ठाऊक आहे की गावात आता सगळे पट्टे ओढून बघतात, तो.

पुढचं लिहायला लाज वाटते. कळल्यावरही मी पेन खाली ठेवलं नाही. मनात म्हटलं, घेऊन टाकावी. बिघडली तर नशीब म्हणता येईल. गंजलेली गाडी परवडली, पण "फिदेलिनाने वाचवलं" हे जन्मभर ऐकायचं नको. मी मनातल्या मनात मारियामातेला हाक मारली, तीही सद्बुद्धी दे म्हणून नाही. फिदेलिना चुकू दे, असं मागितलं.

एलेउतेरिओ व्हॅनच्या मागच्या बाजूला वाकले होते. हात पसरून मोजत होते, एक गठ्ठा इथे, दुसरा त्यावर. स्वतःशी पुटपुटत होते, "भिजणार नाही आता."

मी पेन टेबलावर ठेवलं. "फिदेलिना," मी म्हटलं, "आपल्यासाठी तूच बघ गं एखादी."

अबुंदिओशेठचा चेहरा उतरला. "अहो, पण त्यांनीच एवढी नावाजली ना?"

"नावाजलीच," फिदेलिना म्हणाली. "देखणीच आहे, शेठ. पण तिचं पोहून झालंय."

परत येताना ती फुशारकी मारेल, मग मला तिचा रीतसर राग करता येईल, म्हणून मी वाट पाहत होते. ती म्हणाली, "ताई, गरम आतोल घ्यायचं का? पाय दुखायला लागले." आणि मक्याच्या त्या आतोलचे पैसेही तिनेच दिले.

तीन आठवड्यांनी तिने आमच्यासाठी एक शेणाच्या रंगाची व्हॅन शोधली आणि मालकासमोर तासभर तिला नावं ठेवली. "हिला बघून कोंबड्या अंडी घालायच्या थांबतील," असंही म्हणाली. मालक रडकुंडीला आला आणि त्याने भाव आम्हाला हवा तिथे आणला. ती गाडी आज सहा वर्षं चालते आहे. कापड एकदाही भिजलं नाही.

घेतल्यावर पहिल्याच रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात फादरांनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं. सगळी आळी जमली होती. फादर सहज म्हणाले, "गाडी चांगली दिसते. निवडली कोणी?"

एलेउतेरिओंनी तोंड उघडलं. मी घाईने म्हटलं, "आम्ही दोघींनी."

फिदेलिना बॉनेटवर फुलांची माळ बांधत होती. मला वाटलं, आता ही हसेल, निदान माझ्याकडे बघेल तरी. तिने मान वर न करताच सांगितलं, "हो फादर. पेन वेळेवर खाली ठेवायला ताईंचीच अक्कल लागली."

लोक माझ्याकडे वळून कौतुकाने माना हलवायला लागले. मी उभी राहून ते घेतलं. दर वर्षी ईस्टरच्या आधी मी फादरांपाशी हेव्याची कबुली देते, पण कशाचा हेवा ते नीट सांगता येत नाही. पारख, भाव, नाव, यांचा होता तोवर सोपं होतं. गाड्या पारखणं मी अजूनही शिकेन कदाचित. त्या दिवशी माळेची गाठ मारता मारता ती जे सहज देऊन गेली, ते तिच्या जागी मी असते तर दिलं नसतं. आता मी त्यावर जळते.