विजार आणि मागची भिंत

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एकतीस वर्षं घरं रंगवतायत आणि एकतीस वर्षं एकच रडगाणं गातायत. "लोक पडदे बघतात, फोटो बघतात, भिंत कुणी बघत नाही. चांगली झालेली भिंत दिसतच नाही!" ज्या उस्तादांच्या हाताखाली ते शिकले, त्यांचं कौतुकही कधी "ठीक"च्या पुढे गेलं नाही.

एक दिवस एक टीव्हीवाल्या बाई घरासाठी रंग निवडायला दाजींच्या सामानाच्या खोलीत आल्या. आजची कला आणि रोजचं जगणं, अशा विषयावर त्या माहितीपटांची मालिका करत होत्या. खोलीतल्या एका भिंतीवर दाजी रोज काम संपलं की ब्रश पुसायचे. तिच्यावर नाना रंगांचा बोटभर थर चढला होता. बाई तिच्यापुढे पंधरा मिनिटं आ वासून उभ्या.

"मला तुमची ही भिंत मालिकेत घ्यायचीय. गुरुवारी कॅमेरा घेऊन येते."

दाजींना आकाश ठेंगणं झालं. टीव्ही येणार आणि भिंत अशी? तहानभूक विसरून त्यांनी ती खरवडली, पुट्टीचे तीन हात दिले, घासली, प्रायमर मारला, वर पांढऱ्याचे दोन हात. माणूस भला, पण अक्कल बेताची. घासायला मीही होतो, म्हणून जास्त बोलत नाही.

गुरुवारी बाई आत आल्या आणि मटकन खाली बसल्या.

"भिंत कुठंय?"

"ही काय!" दाजींनी बाजूनं बॅटरी मारली. "बघा, कुठं उंचसखल, कुठं लाट दिसते का!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजींना वाटलं, कौतुकानंच.

तेवढ्यात बाईंना दारामागं अडकवलेली दाजींची कामाची विजार दिसली. तिच्यावर जुन्या भिंतीचे सगळे रंग शाबूत होते. झालं, विजार नव्या भिंतीपुढे टांगली गेली आणि कॅमेरा सुरू झाला.

"हे एका श्रमिकाचं आत्मचरित्र आहे," बाई हळव्या आवाजात म्हणाल्या.

"दोनदा सोड्यात उकळलं ते आत्मचरित्र," ताई म्हणाली. "निघत नाही मेलं."

मालिकेत विजार चार मिनिटं दिसली. भिंतीबद्दल अवाक्षर नाही. नातेवाइकांचे फोनवर फोन आले, सगळे विजारीचे. दाजी नुसतं "हो, हो" करत होते. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

शेवटचा फोन उस्तादांचा होता. ताईनं स्पीकर लावला.

"विजार बघितली," उस्ताद म्हणाले. "धूत जा. मागची भिंत कुणी केली?"

"मीच."

"पुट्टी?"

"तीन हात."



"टीव्हीला नाक लावून शोधली. लाट सापडली नाही रे."

दाजींनी फोन ठेवला आणि ते ढसाढसा रडले. आता त्या भिंतीला कुणी टेकलेलं त्यांना खपत नाही. मीसुद्धा नाही, आणि घासली होती मी! ब्रश हल्ली दारावर पुसतात.